अपघात मिटवू नका, नोंदवा!

डंपर कट मारून जातो, मोटारसायकल घसरते, पोराचा हात मोडतो. चार माणसं मध्ये पडतात, खर्चापाण्याचे पैसे ठरतात आणि प्रकरण जागच्या जागी मिटतं. पोलीस ठाण्याची पायरी कोण चढणार? शहापूर-मुरबाडकरांनो, हा समजूतदारपणा आपल्याच जिवावर उठला आहे.

कोणता रस्ता आधी दुरुस्त होतो, याचा सरकारी हिशेब ऐका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2015 मध्ये राष्ट्रीय महामार्गांसाठी निकष ठरवला. साधारण 500 मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर एकूण दहा मृत्यू झाले, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’. तिथे आधी फलक, पट्टे असे तातडीचे उपाय होतात. पुढे भुयारी मार्ग किंवा उड्डाणपूल. आता हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच. म्हणजे रस्त्यात मिटवलेला तो मोडका हात पाचांतला एक होता. तो आपणच खोडला!

नोंदीत जागाही नेमकी हवी. ‘खर्डी हद्दीत, महामार्गावर’ एवढंच लिहिलं गेलं, तर एकाच वळणावरचे अपघात कागदावर विखुरतात आणि वळण निर्दोष सुटतं. पोलीस आता ॲपवर जागा टिपतात. तरीही जबाबात किलोमीटरचा दगड, पूल, फाटा सांगा आणि तो लिहिला गेला का, ते वाचूनच सही करा.

मग पाच अपघात भरेपर्यंत गप्प बसायचं? मुळीच नाही. 2 जानेवारी 2014 रोजी ठाण्याहून अहमदनगरला निघालेली एसटी माळशेज घाटात दरीत कोसळली आणि 27 जण गेले. निकषाला दहा मृत्यू लागतात. तिथे एका फटक्यात 27 झाले. आकडे झालेला अपघात मोजतात, होणारा अपघात गावाला आधी दिसतो. आश्रमशाळेची पोरं कुठे डांबराच्या कडेने चालतात, दुभाजक कुठे फोडलाय, म्हशाच्या यात्रेत बैलांचे टेम्पो कुठे अडतात, हे मंत्रालयातल्या साहेबाला कसं कळणार? ते आपण सांगायचं.

गावात एक वही ठेवा. तारीख, जागा, जखमी, कारण लिहा. येत्या ग्रामसभेत त्यावर ठराव करा. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या, कारण जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष तेच. दुसरी, रस्ता ज्यांच्या ताब्यात त्यांना. पोच घ्या. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम 198अ सांगतं की, रस्त्याचं आरेखन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची नसल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लेखी इशारा देऊनही दुर्लक्ष झालं, तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही.

जखमीला उचलायलाही कचरू नका. त्याच कायद्याचं कलम 134अ मदत करणाऱ्याच्या पाठीशी आहे. नाव सांगण्याची सक्तीसुद्धा नाही. आधी 108 लावा.

चौकात श्रद्धांजलीचे फ्लेक्स खूप लावले. आता पोलीस ठाण्याची पायरी चढा, ग्रामसभेत हात वर करा आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका!