घारापुरीची ती ‘त्रिमूर्ती’ नव्हे

घारापुरीच्या मुख्य लेण्यात दक्षिणेच्या भिंतीवर सुमारे साडेपाच मीटर उंचीचे जे शिल्प आहे, त्याला सर्रास ‘त्रिमूर्ती’ म्हटले जाते. तीन मुखे पाहून मराठी माणसाला ब्रह्मा-विष्णू-महेश आठवणे साहजिक आहे. घरोघरच्या दत्ताच्या तसबिरीने ती सवयच लावली आहे. पण त्या तसबिरीतले हात पाहा: माळ-कमंडलू ब्रह्मदेवाचे, शंख-चक्र विष्णूचे, त्रिशूळ-डमरू शंकराचे. तिथे तीन देव आपापल्या खुणा घेऊन एका देहात आले आहेत. घारापुरीत ब्रह्मदेवाची किंवा विष्णूची एकही खूण नाही. ही सारी शिवाचीच रूपे आहेत: आपल्या डावीकडचे मिशाळ, उग्र मुख अघोराचे. त्याच्या हाती नाग आहे. उजवीकडचे कोमल मुख वामदेवाचे, काहींच्या मते उमेचे. त्याच्या केसांत मोत्यांच्या सरी आहेत आणि हाती कमळ. मध्ये शांत तत्पुरुष. पंचमुखी सदाशिवाची उरलेली दोन मुखे दिसत नाहीत, एवढेच. सर्वांत बोलका पुरावा तर शेजारीच आहे. अर्धनारीश्वराच्या शिल्पपटात हंसांच्या आसनावरचा ब्रह्मदेव आणि गरुडारूढ विष्णू दर्शनाला आलेले स्वतंत्रपणे कोरले आहेत.

यावर कोणी म्हणेल, त्रिमूर्ती म्हणजे तीन रूपे. मग चुकले कुठे? व्युत्पत्तीने काहीच चुकत नाही. तीन जिवलग मित्रांना आपण त्रिमूर्ती म्हणतो, त्यानेही कुणाचे बिघडत नाही. पण लेण्यात नाव हे नजरेला वळण लावते. ‘त्रिमूर्ती’ ऐकून आलेला माणूस ब्रह्मदेव शोधत बसतो आणि एकाच देवाचा कोप, शांती व मार्दव एका दगडात कसे सामावले, हे पाहायचेच राहून जाते. दत्तात तिघांचे ऐक्य आहे, इथे एकाचाच विस्तार आहे. शिल्प केवळ शिवाचे म्हटल्याने तिन्ही देवांच्या समन्वयाची परंपरा दुबळी होईल, ही भीतीही अनाठायी आहे. ती परंपरा मुखांच्या संख्येवर उभी नाही: नारायणपूरचा दत्त एकमुखीच आहे. म्हणून फलकांवर आणि पाठ्यपुस्तकांत आधी ‘सदाशिव’ लिहावे. ‘त्रिमूर्ती’ हे रूढ नाव त्याखाली खुशाल राहू द्यावे. जुने नाव पुसायची गरज नाही, त्याने लपवलेली मूर्ती दिसली म्हणजे झाले.