तलावाची जाणती माणसं



दिवाळीच्या सुमाराला भंडारा-गोंदियाच्या गावांत हलका धान कापून होतो, भारी धान लोंबीवर असतो. गुरं राखणारे गोवारी गायगोधनाच्या सणाच्या तयारीला लागतात, भाऊबीजेपासून मंडईच्या जत्रांचे वेध लागतात. लेकी माहेरी येतात, नागपूर-पुण्याला नोकरीला गेलेली मुलं घरी येतात आणि गप्पा हटकून तलावाकडे वळतात. म्हणूनच यंदाच्या दिवाळी अंकासाठी लेखकांना आम्ही एकच विषय दिला : गावचा तलाव.

माझंही लहानपण अशाच एका तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेलं. पोहणं तिथे शिकलो, आजीनं उकडलेले शिंगाडे तिथेच बसून खाल्ले. पण वय वाढलं तसं त्याहून ठळक आठवतं ते आबाजींच्या पिढीचं काम. मृगाआधी घरटी एक माणूस पाळीवर माती टाकायला जाई. सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी पडू लागलं की माणसं रात्री कंदील घेऊन पाळ बघत फिरत. खेकड्याचं बीळ दिसलं की तिथल्या तिथे बुजवत. ऐन रोवणीत पावसानं दडी मारली तर तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, कधी उघडायचं, कोणाच्या बांधीला आधी पाणी द्यायचं, हे गाव एकत्र बसून ठरवी. आमचं सुखाचं बालपण या कष्टांवर उभं होतं.

गोंड राजवटीच्या आश्रयानं कोहळी समाजानं या मुलखात तलाव बांधले. नवेगाव बांध कोलू पाटील कोहळींनी बांधला, असं परंपरा सांगते. पाण्यावर शेतकऱ्याचा हक्क होता, तशी पाळीची जबाबदारीही होती. 1950च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली. ते व्हायलाच हवं होतं. पण तलाव सरकारजमा झाले आणि गावाच्या हातून हक्काबरोबर जबाबदारीही सुटली. सिंचन एका खात्याकडे गेलं, मासेमारीचा ठेका दुसऱ्याकडे. गाळ साचला, काठावर बेशरमची झुडपं माजली, पाणवनस्पती गेल्या, त्यांच्या आधारानं अंडी घालणारे मासे घटले.

तरीही वाट बंद झालेली नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी बेशरम उपटली आणि तलावांत स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या. मासे वाढले, पाखरंही परतली. कोणती वनस्पती किती पाण्यात तगते, कोणता मासा कुठे अंडी घालतो, हे त्या समाजातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून हे जमलं. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्लींनी नवेगावच्या वास्तव्यात अशाच जाणत्या माणसांचं ऐकलं आणि लिहून ठेवलं. त्या जंगल-पाण्याची केवढी तरी शब्दसंपदा मराठीला त्यातून लाभली.

हे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे ती माणसं आता थकली आहेत. म्हणून वाचकांना कळकळीची विनंती : या दिवाळीत घरातल्या आजी-आबाजींपाशी वही घेऊन बसा. तुडूम कोण उघडायचं, पाळ कधी फुटली, कोणता मासा दिसेनासा झाला, हे सारं विचारा आणि लिहून घ्या. ती वही ग्रामसभेत वाचा. गाळ काढायचा ठराव होईल तेव्हा आपला तलाव खोल कुठे आणि उथळ कुठे, हे त्याच वहीतून कळेल. आमच्याकडे प्रत पाठवलीत तर ती आम्ही आनंदानं छापू.



— संपादक