भिंतीएवढा पडदा अन् एकराचं वावर

नागपूर महापालिकेच्या नियंत्रण कक्षात शहरातले अनेक चौक भिंतभर पडद्यावर एकाच वेळी दिसतात. असा पडदा पिकांच्या पाहणीलाही कामाचा आहे का? जरा हिशेब करून पाहू.

युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह जमीन १० बाय १० मीटरच्या चौकोनांत टिपतो. एकराचे साधारण ४० चौकोन होतात. नागपूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,८९२ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास ९ कोटी ८९ लाख चौकोन. टेबलावरच्या साध्या फुल एचडी पडद्यावर ठिपके असतात सुमारे २० लाख ७३ हजार. सगळा जिल्हा त्यात बसवला तर ४८ चौकोनांमागे एकच ठिपका येतो. तुमचं एकराचं वावर त्यात गडप! पिवळं पडलेलं सोयाबीन आणि धुऱ्यापलीकडची हिरवी पऱ्हाटी, दोघांचा रंग एकच होतो.

तुम्ही म्हणाल, चित्र मोठं करून पाहावं. मोठं केलं की वावर दिसतं, पण तालुका नजरेआड होतो. पिवळेपणा एका नाल्याकाठीच आहे की दहा गावांत, हे कळत नाही. तसले ४८ पडदे जोडून भिंत केली, तर दोन्ही एकदम दिसतं. कृषी विभागाने फवारणीचा सल्ला कोणत्या गावांना आधी द्यायचा, हे त्यातून ठरवता येईल. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरातच आहे; नकाशांची जाणती माणसं दूर शोधायला नकोत.

पण पडदा कितीही मोठा असला तरी ढग हटत नाहीत. ऐन खरिपात हा उपग्रह आंधळा होतो. रडारचे उपग्रह ढगांतून पाहतात, तरी कपाशीतली तूर ओळखणं कठीणच. म्हणून आधार उरतो तो ई-पीक पाहणीचा. राज्यात ती १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. तिथे सोयाबीनऐवजी कपाशी नोंदली गेली, तर भिंतीवर ती चूकच ठळक दिसणार. आणि नुकसानीच्या पंचनाम्यात अडचण येणार ती तुमची.

तेव्हा नोंद वावरात उभं राहून करा आणि सातबारावर चढली का, ते तपासा. तलाठी, कृषी सहायक व सरपंचांना विनंती: गावाचा गटनिहाय नकाशा मोठ्या कागदावर काढून, नोंदलेली पिकं रंगवून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. ग्रामसभेत चूक दाखवायला दहा माणसं पुढे येतील. गावापुरता तोच मोठा पडदा!