झाड पडलं, पण ते छाटलं कुणी होतं?

मे महिन्यात सकाळच्या लेक्चरला निघालात की मुंबईत हे दृश्य एकदा तरी दिसतंच. अर्धा रस्ता दोर लावून अडवलेला, खाली ओल्या पाल्याचा ढीग, बाजूला ट्रक, आणि वर गुलमोहराच्या फांदीवर उभा असलेला एक माणूस. आपण कानातले इअरफोन काढत नाही. घड्याळ बघतो, ‘कधी मोकळा होणार रस्ता’ असं पुटपुटतो आणि दुसऱ्या गल्लीतून सटकतो. (मीही इतकी वर्षं हेच करत आले.) मग जूनमध्ये पहिला जोराचा वारा येतो, कुठेतरी झाड रिक्षावर कोसळतं आणि कॉलेजच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरायला लागतो. त्यानंतरचे दोन प्रश्न ठरलेले: झाड धोकादायक होतं का आणि पालिकेने ते वेळेत छाटलं होतं का?

तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. छाटलं असेल, तर कसं छाटलं? ज्याने छाटलं त्याच्या हातात काय होतं, आणि त्याच्याकडे वेळ किती होता?

वर चढलेल्या माणसाबद्दल वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाहीये. आज त्याच्या हातात काय आहे, यावर काही वर्षांनी तुमच्या बसस्टॉपवर फांदी पडणार की नाही हे बऱ्यापैकी ठरतं, म्हणून लिहितेय.

आधी त्या फांदीचं वजन करून बघू. ओलं लाकूड घनमीटरला साधारण ८०० ते १००० किलो भरतं. एक फूट जाड आणि दहा फूट लांब फांदी म्हणजे जवळपास दोनशे किलो, पाला वेगळा. तुमच्या मित्राची बाइक याहून हलकी असेल. आता ही बाइक तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली आणायचीय. खाली वीज आणि केबलच्या वायरी आहेत, पार्क केलेल्या गाड्या आहेत आणि मोबाइलमध्ये डोकं घालून चालणारे आपण आहोत. म्हणून फांदीला दोर बांधतात, तो वरच्या एखाद्या मजबूत बेचक्यातून घेतात आणि खालचा माणूस त्याचे दोन-तीन वेढे बुंध्याला मारून टोक धरतो. घर्षणामुळे वजनाचा बहुतेक भार बुंधा घेतो आणि माणूस दोर हळूहळू सोडत जातो. वेढा एक कमी पडला तर दोर हातातून सुटतो, नाहीतर तळहाताची साल काढतो. हा हिशेब बहुतेकांनी कुठल्या वर्गात बसून शिकलेला नसतो. टोळीतल्या मोठ्यांचं बघून, कधी हात भाजून घेऊन तो अंगात आलेला असतो.

सात-आठ जणांच्या अशा टोळीत वर चढणारे दोघेच असतात. बाकीचे दोर धरतात, पाला ओढतात, ओंडके करून ट्रकमध्ये भरतात, रस्ता सांभाळतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शिव्या खातात. जिथे पोचते तिथे हायड्रॉलिक लिफ्टची गाडी येते. अरुंद गल्लीत किंवा इमारतीच्या मागे ती शिरत नाही, आणि मुंबईत अशा जागा काही कमी नाहीत. तिथे शिडी, दोर आणि पाय एवढंच चालतं. कमरेला कोयता, हातात करवत आणि असेल तर चेनसॉ.

आता खरा मुद्दा, म्हणजे काप. फांदी बुंध्याला जिथे मिळते तिथे शर्टाच्या कॉलरसारखा एक फुगवटा असतो. झाडाची जखम बंद करण्याची सगळी तयारी त्याच भागात असते. अ‍ॅलेक्स शायगो नावाच्या अमेरिकी वनखात्यातल्या शास्त्रज्ञाने हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून आतली कुज कशी पसरते ते पाहिलं. त्याला दिसलं ते असं: आपल्या त्वचेसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड जखमेभोवती भिंती घालून तिला आत कोंडून टाकतं. कॉलर शाबूत ठेवून काप घेतला तर भिंत नीट उभी राहते. बुंध्याला अगदी चिकटून सफाचट कापलं की कॉलरच जाते, आणि फूटभर खुंट सोडला की तो वाळून कुजतो. दोन्हीकडे बुरशीला वाट मिळते. म्हणजे काप चुकला तो आज, झाड पडतं ते काही पावसाळ्यांनंतर. तोवर ठेका संपलेला असतो आणि टोळी तिसऱ्याच वॉर्डात असते.

जड फांदी बरोबर कापायची तर एका फांदीला तीन काप लागतात. पहिला बुंध्यापासून फूट-दीड फूट लांब, खालच्या बाजूने, पाव ते एक तृतीयांश जाडीइतका. दुसरा त्याच्या जरा पुढे, वरून. इथे फांदी तुटून खाली जाते. तिसरा उरलेल्या खुंटाचा, कॉलरच्या बाहेर. खालचा पहिला काप गाळला की फांदी स्वतःच्या वजनाने मोडते आणि बुंध्याची साल पार खालपर्यंत सोलत नेते. नुसत्या कोयत्याने तोडलं की कापाची जागा ठेचकाळते, तेही वाईटच. हे सगळं वर चढलेल्या माणसाला कळत नाही असं समजू नका. पण ठेका ‘जितकी झाडं तितके पैसे’ असा चालला, की तीन कापांचा खर्च कुणी द्यायचा? एका कापात फांदी खाली येते आणि टोळी पुढच्या झाडाकडे जाते.

यातूनच ‘टक्कल’ हा प्रकार येतो. वरचा सगळा पाला उडवला की काम झाल्यासारखं दिसतं, सोसायटीही खूश. दोन पावसाळ्यांत त्या खुंटांवर फुटव्यांचे झुपके येतात. दिसायला हिरवेगार, पण ते आतल्या लाकडातून आलेले नसतात, सालीजवळ वरवर चिकटलेले असतात. वाढून जड झाले की वाऱ्याला तेच आधी सुटतात. दुसरा प्रकार एकतर्फी छाटणीचा: वायरींच्या बाजूचं सगळं काढायचं आणि दुसरी बाजू तशीच सोडायची. झाडाचा तोल एकीकडे जातो.

सगळा दोष छाटणीवर ढकलता येणार नाही. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला आणि शहरात दोन हजारांहून अधिक झाडं पडली. त्यातली कितीतरी मुळांसकट उलटली होती. केबलसाठी खोदताना मुळं तोडायची, वरून बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक लावायचे, आणि मग झाडाने वादळात उभं राहावं अशी अपेक्षा ठेवायची! राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तुमच्या फुटपाथवरचं झाड उद्या जाता-जाता बघा. मीटर सोडा, तुमचा तळहात मावेल एवढी माती दिसते का?

परत वरच्या माणसाकडे येऊ. चेनसॉची साखळी सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या पुढे. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला तर यंत्र उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येतं. आवाज १०० डेसिबलच्या वर. वर्षानुवर्षांच्या कंपनाने बोटांतला रक्तपुरवठा बिघडतो, बोटं बधिर आणि पांढरी पडतात. यावर उपाय नाहीत असं नाही. चेनसॉसाठी खास पँट मिळते. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी कापडात घुसली की धागे ओढले जाऊन चाकात गुंततात आणि यंत्र क्षणात थांबतं. कानांवर मफ, डोळ्यांवर जाळी, अंगभर हार्नेस. ब्रिटनमध्ये तर १९९८ च्या नियमांनुसार चेनसॉ चालवणाऱ्याचं प्रशिक्षण झालेलं असणं बंधनकारक आहे.

आपल्याकडे काय दिसतं? हेल्मेट दिसतं, कारण ते फोटोत येतं. पायात मात्र चपला, आणि कमरेला नुसता दोर. कमरेचा दोर माणसाला जमिनीवर आपटू देत नाही हे खरं, पण पडल्याचा सगळा झटका पोट आणि बरगड्यांवर येतो. हार्नेस तोच झटका मांड्या, छाती आणि खांद्यांवर वाटून टाकतो. शिवाय चेनसॉ ज्या हातात आहे त्याच हाताजवळून स्वतःचा दोरही जात असतो. म्हणून जाणकार कापताना दुसरा, आत पोलादी तार असलेला पट्टा बुंध्याभोवती घेतात. तो मी अजून आपल्या एकाही रस्त्यावर पाहिलेला नाही.

आणि कावळे! छाटणीचा हंगाम एप्रिल-मेचा, कावळ्यांची घरटी बांधायची वेळही तीच. एका हाताने फांदी धरलेली, दुसऱ्यात करवत, आणि डोक्यावर कावळे चोची मारतायत. खाली आपण रील काढतोय. लाल मुंग्या आणि गांधीलमाश्यांबद्दल बोलतच नाही.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांपुढच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ हा दर्जा आला. वृक्ष प्राधिकरण, वृक्षगणना, परवानगी, दंड, सगळं आहे. पण भर आहे तो ‘कापू द्यायचं की नाही’ यावर. ‘कापणारा शिकलेला आहे का’ हा प्रश्न परवानगीच्या कागदावर येतच नाही. दुसरीकडे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र आणि चाळिशीपुढच्यांना दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी, असं सरकारने जाहीर केलंय. ऐकायला छान. पण सुरक्षा संहितेतला कंत्राटी कामगारांचा भाग ५० किंवा त्याहून जास्त कंत्राटी माणसं असतील तिथेच लागू होतो. १९७० च्या मूळ कायद्यात ही मर्यादा २० होती. आता आठ जणांची टोळी आणि तिचा छोटा उपठेकेदार डोळ्यांसमोर आणा.

‘पालिका बघेल’ म्हणून आपण सुटत नाही, कारण पालिकेच्या गणनेनुसार मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं आहेत. त्यातली रस्त्याकडेची दोन लाखांच्या आत. निम्म्याहून जास्त खासगी आवारांत, म्हणजे सोसायट्यांमध्ये. तिथली छाटणी सोसायटीने उद्यान खात्याची परवानगी काढून स्वतःच्या खर्चाने करायची असते. कमिटीच्या मीटिंगमध्ये तीन कोटेशन येतात आणि सगळ्यात स्वस्त पास होतं. ते स्वस्त कशामुळे आहे हे कुणी विचारत नाही. हार्नेस नाही, विमा नाही, एका फांदीला एकच काप, म्हणून ते स्वस्त आहे. तुमचे आई-बाबा, काका नाहीतर शेजारच्या काकू त्या कमिटीत असतीलच. कोटेशनमध्ये कामगारांचा विमा, हार्नेस आणि छाटणीची पद्धत लिहून मागायला एक ईमेल पुरतो, आणि तो तुम्ही टाइप करून देऊ शकता. फांदी लटकतेय असं दिसलं तर १९१६ हा पालिकेचा आपत्कालीन क्रमांक आहे. तो डायल करायला कमिटीसुद्धा लागत नाही.

आमच्या गेटजवळ एक पर्जन्यवृक्ष आहे. दोन वर्षांपूर्वी त्याची रस्त्याकडची मोठी फांदी काढली, सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये. हा लेख लिहायला घेतला तेव्हा पहिल्यांदा मी त्या कापाकडे मान वर करून नीट पाहिलं. फूटभर खुंट आहे, खालची साल हातभर सोललेली आहे आणि मध्ये कानाच्या पाळीएवढी तपकिरी बुरशी उगवलीय. त्याच्या बरोब्बर खाली मुलांची स्कूलबस थांबते. पत्र टाइप करून झालंय, रविवारी मीटिंग आहे.