चढायचं नाही म्हणजे नाही!

परवा मेसमध्ये डाळ-भात थंड होईपर्यंत वाद झाला. विषय उलुरू! ऑस्ट्रेलियाच्या मध्यावर, वाळवंटात उभा असलेला तो अवाढव्य तांबडा खडक. जुन्या जी.के.च्या पुस्तकांतला 'एअर्स रॉक' तो हाच. रूमपार्टनर तावातावाने म्हणाला, "खडक तो खडक. त्यावर चढायला बंदी कसली?" त्याच्या डोक्यातला ट्रेकिंगचा किडा सगळ्या हॉस्टेलला माहीत आहे. खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही त्याचंच पटलं होतं.

आम्हा सिव्हिलवाल्यांच्या भाषेत उलुरू म्हणजे आर्कोज, फेल्डस्पार भरपूर असलेला वालुकाश्म. आडवे साचलेले थर भूगर्भातल्या हालचालींनी जवळजवळ उभे झालेत. उंची 348 मीटर, घेर नऊ किलोमीटरच्या वर. बाहेरचा तांबडा रंग म्हणजे चक्क लोखंडाचा गंज, आतून बुवा करडेच. एवढ्यावर वायवा पास होतो.

पण तिथल्या मूळ रहिवाशांचं, अनंगू लोकांचं, एवढ्यावर भागत नाही. त्यांचा 'जुकुर्पा' म्हणजे धर्म, कायदा, पूर्वजांच्या कथा, वागण्याची रीत, सगळं एकातच. ते या खडकाच्या गुहा-कपारींत वाचायचं असतं. पर्यटक ज्या वाटेने चढायचे, ती त्यांच्या माला पूर्वजांची वाट. 1964 साली तिथेच आधाराला साखळी ठोकली गेली. 26 ऑक्टोबर 1985 ला जमिनीची मालकी अनंगूंना परत मिळाली, पण लगेच 99 वर्षांच्या भाडेकराराने ती राष्ट्रीय उद्यानासाठी द्यावी लागली. मग काय, पायथ्याशी चढू नका अशी विनंतीची पाटी, आणि पाटीशेजारूनच चढणाऱ्यांची रांग! तीसहून जास्त माणसं त्या चढणीपायी गेली. आपल्या जमिनीवर पाहुणा मेला याचं दुःख अनंगू स्वतःवर घेतात.

शेवटी अनंगूंचं बहुमत असलेल्या उद्यान मंडळाने 2017 मध्ये ठराव केला आणि 26 ऑक्टोबर 2019 पासून चढण कायमची बंद झाली. म्हणजे मालकी मिळूनही 'नाही' म्हणायला बरोबर 34 वर्षं! माझा राग इथे आहे. घरमालकाने इतकी वर्षं हात जोडावेत आणि आपण बूट घालून देवघरातून जावं, याला ट्रेकिंग कसं म्हणायचं?

पार्टनर अजून घुश्शात आहे. "तरी मी जाणारच," म्हणतो. जा की बाबा! पायथ्याने पूर्ण फेरी मारायला कुणी अडवलेलं नाही. साडेतीन तास लागतात, पाणी भरपूर घे. आणि काही जागी फोटो काढू नका म्हणतात, तिथे मोबाईल खिशातच ठेव.