गप्प राहण्याची ऐपत

अमेरिकेचा दिग्दर्शक टेरेन्स मॅलिक मुलाखती टाळतो, म्हणून पेपरवाले त्याला गूढ म्हणतात. मी विचारतो, गूढ कसलं? १९७८ च्या 'डेज ऑफ हेवन'नंतर पुढचा सिनेमा थेट १९९८ ला. हार्वर्ड-ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्याचं २० वर्षांचं मौन बाजारात सोन्याच्या भावानं जातं. मजुराच्या जन्मभराच्या मौनाला कुत्रं विचारत नाही! पण 'डेज ऑफ हेवन'मध्ये टेक्सासच्या गव्हाच्या रानात राबणाऱ्यांची कहाणी कोण सांगतं? शिकागोच्या कारखान्यातून पळालेल्या मजुराची धाकटी बहीण, लिंडा. आपल्या रांगड्या बोलीत. २०११ ला कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तेव्हाही मॅलिक मंचावर आला नाही. न येवो! त्याच्या बंद दाराशी ताटकळू नका. त्या पोरीचं ऐका.