न मागितलेली चित्रे, भरलेला फोन

फोनची जागा संपली की लोक आधी स्वतः काढलेले फोटो पुसायला बसतात. बारशाचे, वारीचे, गेलेल्या आजीचे. खरी जागा खाणारे मात्र तसेच राहते. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने ‘फाइल्स गो’ हे साफसफाईचे अ‍ॅप भारतात आणले. इथले फोन भरण्याचे मोठे कारण म्हणजे रोज सकाळी येणारी शुभेच्छाचित्रे, हे त्यांच्या अभियंत्यांना दिसले होते. वाफाळता चहा, गुलाबाचे फूल, वर ‘शुभ सकाळ’: एकेक चित्र लहानच, पण पाच-सहा ग्रुपवर वर्षभर साठले की डोंगर होतो. पाठवणाऱ्यांना दोष देऊ नये. त्यामागे माया असते. दोष आहे तो न विचारता डाउनलोड करणाऱ्या व्यवस्थेचा. व्हॉट्सअ‍ॅपवर ही सोय मुळातच चालू असते. ती बंद असायला हवी.

सेटिंग ज्याची त्याने बदलावी, असे कोणी म्हणेल. पण ‘स्टोरेज अँड डेटा’पर्यंत किती ज्येष्ठ पोहोचतात? तिथे ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये अनेकदा फॉरवर्ड झालेल्या आणि ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स वेगळ्या दिसतात, हे तरी किती जणांना ठाऊक आहे? क्लाउडचा सल्लाही अपुराच. गूगलची फुकट जागा १५ जीबी, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. म्हणजे तोच कचरा दुसऱ्या कपाटात, आणि पुढे त्याचे भाडे. मोठा फोन घ्या म्हणणे तर स्वस्त फोनवर भागवणाऱ्यांवर अन्यायच आहे.